आधी तोफ कुठंय ते सांग

परवा ऑफिसात नवीन आलेल्या पोरानं विचारलं, काका तुम्ही फौजेत होता ना, मग पेपरात कसे काय घुसलात. म्हटलं घुसलो नाही बाबा, गेटवरच्या नोकरीला कंटाळून आलो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग बसून सगळं सांगितलं, तर तो म्हणाला लिहून काढा. दुसऱ्यांचं लिहिण्यात वीस वर्षं गेली, स्वतःचं लिहायला बसलो की हात आखडतो. तरी लिहितो, जमेल तसं.

2003 ला पेन्शन आलो. 1986 ला तोफखान्यात गनर म्हणून भरती झालो होतो, नाशिकला ट्रेनिंग, मग सतरा वर्षं इकडंतिकडं, आणि हवालदार म्हणून बाहेर. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी पेन्शन आला याचं कुणाला काय वाटत नाही. अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावचे 46 जण कामी आले. असल्या जिल्ह्यात माझ्यासारख्याचं कौतुक कोण करणार. आल्या आल्या पहिले सहा महिने ठरलेले असतात, घराला स्लॅब, भाचीचं लग्न, एक नवी मोटरसायकल आणि कँटीनची बाटली मागायला येणारे पाहुणे. ते सगळं उरकलं की सकाळी पाचला जाग येते आणि कळतं की आज फॉलिन, म्हंजे हजेरीची रांग, नाही, कालही नव्हतं, उद्याही नाही. बायको म्हणायची झोपा की जरा. झोप यायची कुठून.

मग एका कंपनीच्या गेटवर लागलो. रात्रपाळी. बारा तासात करायचं काय तर आत जाणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा आणि बाहेर जाणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा. पेपर वाचायचो, अख्खा, म्हंजे निविदा सूचनेपासून जाहीर नोटिशीपर्यंत. त्यातच एकदा डोकं फिरलं कारण बोगद्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे दिवे महिनाभर बंद होते आणि पेपरात छापून आलं की सगळे दिवे सुरू झाले. मी रोज रात्री तिथूनच जायचो. वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, अमुक तारखेला रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी मी पायी गेलो, एकूण खांब इतके, त्यातले चालू तीन, बंद बाकीचे, पैकी दोघांना बल्बच नाही. खाली नाव, हुद्दा, नंबर. पत्रव्यवहाराच्या सदरात टाकायला दिलं. छापून तर आलंच, वर चार दिवसांनी निरोप आला, येऊन भेटा.

पेपरचं नाव लिहीत नाही, अजून चालू आहे आणि मीही अधूनमधून जातो. त्यावेळी छोटा कारभार होता, खाली छपाई, वर जिन्याला लागून एक खोली, तीन कॉम्प्युटर त्यातला एक कायम उघडलेला, शाईचा आणि चहाचा मिळून एक वास. संपादकांनी विचारलं, खांब मोजायला कुणी सांगितलं होतं का. म्हटलं नाही साहेब, मोजल्याशिवाय रिपोर्ट कसा देणार. ते हसले आणि डेस्कवरच्या काकांकडं बोट करून म्हणाले, यांच्या हाताखाली बसा.

काका म्हंजे वल्ली माणूस. चाळीस वर्षं डेस्कवर काढलेली, तंबाखूची पुडी आणि लाल पेन एकाच खिशात. माझी पहिली बातमी नगरपालिकेच्या पाण्याची होती. मी आपला फौजेतल्यासारखा लिहीत गेलो, सदर घटनेबाबत सविस्तर वृत्त खालीलप्रमाणे, मग टाकी कधी बांधली, पाईप कितीचा, व्हॉल्व्ह कुठं, आणि शेवटच्या ओळीत की शहराला दोन दिवस पाणी येणार नाही. काकांनी वाचलं, तंबाखू थुंकून आले, आणि म्हणाले, फौजी, तोफ कशी ओढत आणली ते नंतर सांग रे, आधी तोफ कुठंय ते सांग. शेवटची ओळ वर नेली, बाकी निम्मं उडवलं. बातमी कशी लिहायची हे मला तेवढ्यावरच समजलं, पुढं कार्यशाळा वगैरे झाल्या त्यात वेगळं काय कानावर आलं नाही.

कारण हेच तर मी आधी करत होतो. तोफखान्यात सगळे तोफेवर नसतात. तोफ असते डोंगराच्या अलीकडं, मागं कित्येक किलोमीटर, तिला समोरचं काय दिसत नाही. दिसतं ते पुढं पायदळाबरोबर गेलेल्या ओपी पार्टीला, म्हंजे गोळा कुठं पडतो ते बघणाऱ्या टोळीला. एक अधिकारी, एकदोन जवान, दुर्बीण, नकाशा आणि वायरलेस सेट. तो सेट माझ्या पाठीवर असायचा. गोळा पडला की साहेब बघणार आणि आम्ही मागं सांगणार, राईट वन हंड्रेड, ॲड टू हंड्रेड, म्हंजे पुढचा गोळा शंभर उजवीकडं, दोनशे पुढं. बस. गोळा कसा दिसला, आवाज केवढा आला, आपल्याला काय वाटलं, यातलं एक अक्षर नाही. आणि दिसला नाही तर दिसला नाही म्हणायचं. अंदाजानं सांगितलंस तर पुढचा गोळा आपल्याच माणसांवर पडेल, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून डोक्यात ठोकून भरलेलं.

कारगिलला आमची रेजिमेंट जूनच्या सुरुवातीला पोचली. झोजिला उतरून द्रासकडं रात्री गाड्यांचे दिवे बंद करून जायचं, कारण श्रीनगर-लेह हायवे वरच्या टेकड्यांवरून सरळ दिसायचा, वरून बघणारा गाडी मोजायचा आणि गोळा टाकायचा. द्रास दहा हजार फुटांच्या वर, आणि त्याच्यावर अजून पाच-सहा हजार फूट ती शिखरं, तोलोलिंग, टायगर हिल. पाठीवर सेट, जास्तीच्या बॅटऱ्या, पाणी कमी कारण वजन. तोलोलिंग 13 जूनला हातात आलं आणि टायगर हिल 4 जुलैला. टायगर हिलच्या दिवशी आपल्या तोफांनी नऊ हजारांच्या आसपास गोळे टाकले, अख्ख्या लढाईत मिळून अडीच लाखांवर गेले असं नंतर आकडे आले तेव्हा कळलं. बोफोर्स तशी लांबून डोंगरापलीकडं मारायची तोफ, पण तिथं ती समोर नळी धरून सरळ मारली, रायफल मारावी तशी. हे सगळं माहितीतलं आहे, पुस्तकात मिळेल. मी काय बघितलं ते वेगळं आणि त्यातलं बरंचसं मी लिहिणार नाही. आपले 527 जण गेले. त्यातल्या काहींच्या हातचा चहा मी प्यायलेला आहे.

एक मात्र सांगतो. द्रासला पत्रकार आलेले, कॅमेरे घेऊन, टीव्हीवर दिसलेली आपली पहिलीच लढाई ती. आम्ही खाली आलो होतो बॅटऱ्या बदलायला, दाढी वाढलेली, ओठ फुटलेले. एक जण आला, कुठल्या पेपरचा होता आठवत नाही, त्याच्याकडं सॅटेलाईट फोन होता. म्हणाला घरी बोलायचंय का, एक मिनिट. घरी फोन कुठला. गावात एकच, किराणा दुकानातला, त्याचा नंबर तोंडपाठ. लावला. दुकानदार, त्यांना आख्खं गाव दादा म्हणायचं, ते म्हणाले थांब थांब, सूनबाईला बोलावतो, आणि रिसीव्हर ठेवून गेले. मला ऐकू येत होतं, कुणीतरी साखर मागत होतं, काट्यावर वजनं टाकल्याचा आवाज, बाहेर पाऊस असावा. मिनिट संपत आलं तेव्हा दादा धापा टाकत परत आले, म्हणाले येतेय रे येतेय. म्हटलं दादा वेळ नाही, मी बरा आहे एवढं सांगा. फोन कट. नंतर कळलं की दादांनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि आमच्या घरापर्यंत ओरडत गेले, बरा आहे, बरा आहे, स्वतः बोललाय माझ्याशी. म्हंजे काकांच्या भाषेत, तोफ कुठंय ते आधी सांगितलं. त्या पत्रकारानं वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, गावाचं नाव नीट कसं लिहायचं, ऱ्हस्व की दीर्घ. त्या गडबडीत त्याला ऱ्हस्व-दीर्घाचं पडलेलं याचं मला हसू आलं होतं.

तर पेपरातलं कामकाज. सुरुवातीला मला बातम्या नाही, निधन वार्ता दिल्या. सगळ्या नवख्यांना त्याच देतात. ते लोकांना वाटतं सोपं. अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, मृत्यूसमयी वय इतके, पश्चात पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार, सावडण्याचा विधी या दिवशी या वेळी. पहिल्याच महिन्यात मी एका ठिकाणी नऊच्या जागी दहा लिहिलं. पाव्हणे मंडळी दहाला नदीवर पोचली तेव्हा सगळं उरकून राख पाण्यात गेलेली. त्या घरातला थोरला मुलगा ऑफिसात आला, आरडाओरडा नाही काही नाही, नुसता म्हणाला, माझी आत्या मुंबईवरून रात्रभर बसून आली होती हो. आणि गेला. काका मला काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्या दिवसापासून मी सावडण्याची वेळ दोनदा विचारतो, एकदा घरच्यांना आणि एकदा भावकीतल्या कुणाला तरी.

दिवस असा जायचा. सकाळी आधी पोलीस ठाणी, ठाणे अंमलदाराकडं स्टेशन डायरीत रात्रीत काय पडलंय ते, मग सिव्हिल हॉस्पिटलची चौकी, मग जिल्हा परिषद, कलेक्टर ऑफिस, दुपारी पोवई नाक्यावर चहा, तिथं चारपाच पेपरवाले जमणार आणि एकमेकांकडं काय आहे याचा अंदाज घेत बसणार, कुणीच खरं सांगणार नाही. चारनंतर हस्तलिखित कॉपी, ती डीटीपीवाला टाईप करणार, श्रीलिपी नावाच्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये. रात्री पान लागलं की तपासायचं. मी फौजेतला असल्यामुळं पोलिसांत ओळखी लवकर झाल्या, निम्मे हवालदार कुणाचे तरी भाऊ फौजेत असलेले. पण एक अडचण व्हायची, मला समोर साहेब आला की पाय जुळवायची सवय. एकदा डीवायएसपींना प्रश्न विचारताना मी सावधानमध्ये उभा राहून विचारतोय असं फोटोग्राफरनं पाहिलं आणि वर्षभर चिडवलं.

पगाराचं काय विचारू नका. पगार नव्हताच, मानधन. फौजेत पगार ठरल्या तारखेला खात्यावर, इथं महिन्याची अखेर कधी येईल ते मालकाच्या जाहिरातीच्या वसुलीवर. आणि ती वसुली आम्हीच करायची. नेत्याचा वाढदिवस आला की पुरवणी, पुरवणीला जाहिराती, जाहिरातीवर कमिशन, ते कमिशन हाच खरा पगार. ज्याच्याविरुद्ध सोमवारी बातमी दिली त्याच्याकडं गुरुवारी जाहिरात मागायला जायचं, त्यानं चहा पाजायचा, हसायचं, आणि म्हणायचं, फौजी तुमचं लिखाण कडक असतं हं. जाहिरात देणार अर्धं पान. पुढची बातमी लिहिताना तुमचा हात आपोआप जड होतो, कुणी सांगायला लागत नाही. मला पेन्शन होती म्हणून मी निम्म्या वेळा नाही म्हणू शकलो. ज्यांच्या घरी पेन्शन नव्हती त्या पोरांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. अधिस्वीकृती कार्ड, म्हंजे सरकारमान्य पत्रकाराचं ओळखपत्र, मिळायला पण नेमणूकपत्र लागतं आणि नेमणूकपत्र दिलं की पगार द्यावा लागतो, म्हणून कोण देणार. मला ते कार्ड सातव्या वर्षी मिळालं. एसटी फुकट झाली तेव्हा माझे गुडघे गेलेले.

25 जानेवारी 2005. पौष पौर्णिमा, मांढरदेवच्या काळूबाईची यात्रा. मला लागून जेमतेम वर्ष झालेलं. दुपारी चौकीतून कळलं की गडावर काहीतरी झालंय. फोटोग्राफर आणि मी हिरो होंडावर वाईला, तिथून घाट. घाटात गाड्याच गाड्या, शेवटचं अंतर चालत. तेव्हाच वरून उतरणारी माणसं दिसायला लागली आणि त्यांचे चेहरे बघून मला कळलं, मी असे चेहरे बघितलेले होते. देवळाकडं जाणारी अरुंद पायवाट, दोन्ही बाजूला दुकानं, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं दगडी पायऱ्या निसरड्या झालेल्या, पुढचे पडले, मागच्यांना दिसेना, रेटा चालूच. मग राग आलेल्या लोकांनी दुकानं पेटवली, सिलेंडर फुटले. अडीचशेहून जास्त माणसं गेली, बायका फार. सगळीकडं हिरव्या बांगड्यांचा चुरा, चपला, आणि जळलेल्या खोबऱ्याचा वास. तो वास अजून कधी सणाला खोबरं करपलं की येतो, बायकोला माहिती आहे, ती खिडकी उघडते.

फोटोग्राफर माझ्यापेक्षा लहान, पोरगाच, तो एका जागी बसला. त्याला पाणी पाजलं आणि म्हटलं उठ, आत्ता बसायचं नाही, नंतर बसू. हे कोण बोललं तर माझ्यातला हवालदार बोलला. पहिला तास आम्ही बातमी गोळा केलीच नाही, स्ट्रेचर नव्हते तर फळ्यांवरून, साड्यांच्या झोळ्या करून माणसं खाली नेली. मग मी वही काढली. मोबाईलला रेंज नाही, वाईत येऊन पीसीओवरून बातमी सांगायची, मागं रांग लागलेली. डेस्कवरून कुणीतरी विचारतंय आकडा सांगा, दुसरा पेपर पाचशे म्हणतोय. म्हटलं मी मोजलेले एवढे, पोलिसांचा आकडा एवढा, पाचशे मी बघितलेले नाहीत. तो म्हणाला अहो अंदाज द्या. म्हटलं अंदाज नाही देणार. दोन मिनिटं तिकडं शांत. मग काकांचा आवाज आला, फौजी, तू जे मोजलंस तेच छापतो, ठेव. त्या रात्री घरी आलो तेव्हा सकाळचे चार वाजलेले, आंघोळ केली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा कारगिलचं स्वप्न पडलं. कुणाला सांगितलं नाही. तेव्हा फौजेतही सांगायची पद्धत नव्हती आणि पेपरातही.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला सगळ्यात जास्त त्रास होतो. आपल्या जिल्ह्याचा जवान गेला की पेपरात पहिला प्रश्न असतो, फोटो मिळाला का. पासपोर्ट असला तरी चालेल पण वर्दीतला पाहिजे. आणि फौजी म्हणून ते काम कायम माझ्याकडं. 2009-10 च्या सुमाराची गोष्ट, काश्मीरात एक जवान गेला, बातम्यांच्या एजन्सीवर गावासकट नाव आलं, मी दुपारी दोनला त्या गावात. घर विचारत गेलो तर अंगणात त्याची आई शेंगा तोडत बसलेली. हसून म्हणाली, या दादा, कुणाकडं आलाय. मला एका क्षणात कळलं की हिला माहितीच नाही. कुणीच कळवलं नव्हतं अजून. घरात टीव्ही नव्हता म्हणून वाचली होती.

म्हटलं काही नाही मावशी, मी पण फौजीच आहे, इकडून चाललो होतो, तहान लागली. तिनं तांब्या दिला, वर गूळ दिला. भिंतीवर फोटो होता, वर्दीतला, पासिंग आऊटचा, हार नसलेला. मी पाणी प्यायलो. ती सांगत होती, माझा पण फौजेत आहे, तिकडं वर आहे, दिवाळीला येतो म्हणालाय. तांब्या परत दिला, राम राम केला आणि सरळ पोलीस पाटलाच्या घरी जाऊन बसलो. त्यांना सांगितलं, ते म्हणाले मला पण काही निरोप नाही. संध्याकाळी सातनंतर युनिटचा फोन आला, मग पाटील आणि गावातली चार जाणती माणसं गेली. मी मागं थांबलो. आवाज आला. मी गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पेपरात तोच फोटो. त्या पेपरचा पोरगा माझ्यानंतर तासाभरात जाऊन, सत्कारासाठी पाहिजे म्हणून भिंतीवरनं काढून घेऊन आला होता. मालकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले तुम्ही तिथं आधी पोचला होता ना, मग? म्हटलं हो साहेब, आधी पोचलो होतो. त्या महिन्याचं मानधन कापलं की उशिरा दिलं ते आता आठवत नाही, दोन्हीतलं एक.

पण त्यानंतर मी नियम केला. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला फोन, घरच्यांना कळलंय का. नसेल तर गावच्या वेशीच्या आत पाय नाही. कळलं असेल तरी पहिल्या दिवशी घरात जायचं नाही, फोटो मित्राकडून, शाळेतल्या मास्तरांकडून. नंतर व्हॉट्सॲप आल्यावर हा नियम कुणी पाळायचं कारणच उरलं नाही, माझ्या नियमापेक्षा फॉरवर्ड लवकर पोचतो. तरी मी पाळतो. नोव्हेंबर 2015 ला कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात गेले तेव्हा पोगरवाडीला अख्खा जिल्हा लोटला होता, आमच्या सैनिक स्कूलचा मुलगा, त्यावेळी तर देशभरचे कॅमेरे. मी मागं उसाच्या बांधावर उभा राहून गर्दी बघत होतो आणि सलामी झाली तेव्हा वही खाली ठेवून सावधान. बाजूचा टीव्हीवाला म्हणाला काका सरका जरा, फ्रेममध्ये येताय.

अजून एक, शहीद या शब्दाचं. आम्ही पेपरवाले कुणीही जवान गेला की शहीद लिहून मोकळे होतो. फौजेच्या कागदात हा शब्दच नाही. तिथं असतं बॅटल कॅज्युअल्टी नायतर फिजिकल कॅज्युअल्टी, आणि घरच्यांचं पुढचं सगळं त्यावर. लढाईतला असेल तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हंजे शेवटचा पगार होता तेवढी. ड्युटीमुळं अपघात वगैरे झाला असं मान्य झालं तर स्पेशल, 60 टक्के. तेही नाही तर साधी, 30 टक्के. एक बाई आल्या होत्या ऑफिसात, आमच्याच पेपरचं कात्रण लॅमिनेट करून, हेडिंग माझंच, त्यात शहीद. नवरा ड्युटीवर असताना गाडी दरीत जाऊन गेलेला. पेन्शन साधी बसलेली. त्या म्हणाल्या, दादा तुम्ही शहीद छापलंय ना, मग हे कागद बघत का नाहीत. काय सांगणार. मी छापलं म्हंजे सरकारनं मानलं असं त्यांना वाटत होतं आणि मला हेडिंग भरायला चार अक्षरी शब्द कमी पडत होता म्हणून मी तीन अक्षरी टाकला होता. मग त्यांच्याबरोबर बसून अपील लिहिलं, रेकॉर्ड ऑफिसला पत्रं, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हंजे फौजेनं केलेल्या चौकशीची, प्रत मागवली, दोन वर्षं गेली. स्पेशल मिळाली शेवटी. ती बातमी मी केली नाही, त्यांना नको होती. तेव्हापासून हेडिंगला आधी कागद विचारतो, आणि नवीन पोरं वैतागतात.

दर वर्षी 26 जुलै जवळ आला की डेस्कवरून फोन, फौजी, कारगिलवर तुमचं स्वतःचं एक द्या की, आठवणी. आधी टाळायचो. मग एकदोनदा लिहिलं, तारखा, उंची, तोफा. काका तेव्हा रिटायर झालेले, घरी वाचून फोन केला, म्हणाले यात तू कुठंयस. म्हटलं काका, ओपीवाला रिपोर्टमध्ये नसतो. म्हणाले बरं. 6 जानेवारीला पत्रकार दिनाला शाल-श्रीफळ आणि 26 जुलैला पण शाल-श्रीफळ, असा मी वर्षातनं दोनदा सत्कार होणारा माणूस झालोय, घरात शालींचा ढीग आहे, नारळ तेवढे संपतात.

गेल्या पावसाळ्यात गावचे दादा गेले, किराणा दुकानवाले. नव्वदीला टेकलेले. दुकान कधीच बंद झालेलं, त्या जागी आता मोबाईल रिचार्ज. मला रात्री फोन आला, सकाळच्या अंकात घ्यायचं तर अर्धा तास. नवीन पोराला म्हटलं सरक, मी लिहितो. नाव, वय, पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडं, पतवंडं. आणि शेवटी एक ओळ घातली, गावातील पहिला दूरध्वनी त्यांच्या दुकानात होता व सीमेवरील जवानांचे निरोप ते घरोघरी पोहोचवत.

सकाळी अंक उघडला तर ती ओळ नाही. खाली ज्वेलर्सची जाहिरात वाढली होती, पोरानं शेवटून कापलं. शेवटून कापायचं, महत्त्वाचं वर असतं, हे त्याला मीच शिकवलेलं. ऑफिसात गेल्यावर तो बिचकत म्हणाला, काका एक ओळ उडवली, चालेल ना. म्हटलं सावडण्याची वेळ बघितलीस का. म्हणाला हो, नऊ, दोन ठिकाणी विचारली. म्हटलं मग चालेल.

नऊला नदीवर गेलो. सगळे वेळेवर आले होते.